लघुउद्योगांना शासनाचा हातभार: महाराष्ट्रातील एका व्यवस्थेचा इतिहास

महाराष्ट्रातील लघुउद्योगांच्या वाढीचा विचार करताना भांडवल, बाजारपेठ आणि उद्योजकाची जिद्द या तीन गोष्टींना सहसा प्रमुख स्थान दिले जाते. परंतु कारखान्याचा गाळा, यंत्राचा पहिला हप्ता, कच्च्या मालाचा कोटा आणि नोंदणीचा दाखला ज्या कचेऱ्यांतून मिळत आला, त्या कचेऱ्यांचा इतिहासही या वाढीचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. संस्थानिक, प्रांतिक सरकार, स्वातंत्र्योत्तर राज्य शासन, जिल्हा परिषदा आणि नगरपालिका अशा निरनिराळ्या सत्तांनी गेल्या सव्वाशे वर्षांत छोट्या कारागिराला व कारखानदाराला मदत देऊ केली. त्या सर्व प्रयत्नांचा एकत्र विचार केला असता असे दिसते की, मदतीची तरतूद करणे शासनाला तुलनेने सोपे गेले आणि ती गरजूच्या हाती पोहोचवणे अवघड गेले. प्रत्येक पिढीत झालेली सुधारणा ही मुख्यतः अर्जदार आणि कचेरी यांच्यातील अंतर कमी करण्याची धडपड होती, आणि त्या धडपडीचे यशापयश हाच या इतिहासाचा गाभा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रामीण कर्जपुरवठ्याकडे इंग्रज सरकारचे लक्ष गेले ते शेतीच्या निमित्ताने. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा यांच्या आधारे शेतकऱ्याला विहीर, बांधबंदिस्ती, बी-बियाणे किंवा बैल यांसाठी सरकारी तिजोरीतून कर्ज मिळण्याची सोय झाली, आणि हे कर्ज तगाई या नावाने सर्वपरिचित झाले. कोष्टी, तांबट, चांभार, लोहार किंवा रंगारी यांच्यासाठी मात्र अशी कोणतीही तरतूद नव्हती. शेतकऱ्याजवळ तारण ठेवण्यास निदान जमीन होती. कारागिराजवळ हत्यारे आणि हातातील कसब एवढेच होते, आणि त्यावर कर्ज देण्यास सावकार किंवा कच्चा माल पुरवणारा व्यापारी यांच्याखेरीज कोणी तयार नव्हते. व्यापाऱ्याकडून सूत किंवा पत्रा उधार घ्यावा, त्याच व्यापाऱ्याला तयार माल त्याने ठरवलेल्या भावाने द्यावा आणि हिशेब कधीच पुरा फिटू नये, या चक्रात अनेक हस्तोद्योग अडकून पडले होते.

शासनाने उद्योगाच्या बाबतीत तटस्थ राहावे या तत्कालीन अर्थविचाराला महाराष्ट्रातून पद्धतशीर उत्तर दिले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी. १८९० मध्ये पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेपुढे त्यांनी जावा बेटावरील डच सरकारच्या धोरणाची चिकित्सा मांडली आणि उत्पादकाला सरकारने भांडवल आगाऊ देण्याची कल्पना हिंदुस्थानच्या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे, असे दाखवून दिले. पुढे १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात दिलेल्या भारतीय अर्थशास्त्रावरील व्याख्यानात त्यांनी या भूमिकेला तात्त्विक बैठक दिली. देशाच्या परिस्थितीनुसार शासनाचे आर्थिक कर्तव्य ठरते आणि मागासलेल्या अर्थव्यवस्थेत ते अधिक व्यापक असते, असा त्यांचा आग्रह होता. या विचाराला इंग्रज सरकारकडून लगेच प्रतिसाद मिळाला नाही. त्याचा काहीसा प्रत्यक्ष अनुभव प्रथम आला तो देशी संस्थानांत.

बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन करून तांत्रिक शिक्षणाचा पाया घातला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि १९०६ मध्ये कापडगिरणीचा आरंभ केला. इचलकरंजीत जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने यंत्रमागाचा धंदा रुजला. या प्रयत्नांत सर्वांत बोलके उदाहरण औंध संस्थानाचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा लोखंडी नांगरांचा छोटा कारखाना बेळगावात होता, परंतु तेथील नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे त्यांना ती जागा सोडावी लागली. त्यानंतर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी कर्ज दिले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची वसाहत उभी राहिली. एकाच उद्योजकाच्या बाबतीत एका स्थानिक सत्तेने दार बंद केले आणि दुसरीने ते उघडले, यावरून स्थानिक शासनाच्या निर्णयाचे वजन किती असते हे स्पष्ट होते. संस्थानी मदतीचे बळ तिच्या जवळिकीत होते, कारण अर्जदार थेट राजाला भेटू शकत असे आणि निर्णयास वेळ लागत नसे. तिची मर्यादाही तेथेच होती, कारण ती एका व्यक्तीच्या गुणग्राहकतेवर अवलंबून होती आणि तिला नियमांचे रूप नव्हते. ओळखीपाळखी नसलेल्या कारागिराला ती हक्काने मागता येत नव्हती.

नियमबद्ध मदतीचा पाया पहिल्या महायुद्धाने घातला. युद्धकाळात आयात थंडावल्यावर हिंदुस्थानातील उद्योगांची दुर्बलता सरकारला जाणवली, आणि सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली १९१६ मध्ये औद्योगिक आयोग नेमण्यात आला. या आयोगाने १९१८ च्या अहवालात प्रत्येक प्रांतात स्वतंत्र उद्योग खाते असावे, छोट्या उद्योगांना कर्ज मिळावे आणि यंत्रे हप्त्यांनी देण्याची सोय व्हावी, अशा शिफारशी केल्या. १९१९ च्या सुधारणा कायद्याने उद्योगविकास हा विषय प्रांतांकडे, तोही लोकनियुक्त मंत्र्यांच्या अखत्यारीत सोपवला गेला. मद्रास प्रांताने १९२२ मध्ये उद्योगांना सरकारी साहाय्य देणारा कायदा केला. विदर्भ ज्यात समाविष्ट होता त्या मध्य प्रांतात तसा कायदा १९३३ मध्ये झाला. मुंबई प्रांतात १९३५ मध्ये उद्योगांना सरकारी साहाय्याचे नियम अमलात आले. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता तेथे १९२९ मध्ये एक कोटी रुपयांचा औद्योगिक न्यासनिधी उभारण्यात आला होता. आजच्या महाराष्ट्राचे तीन विभाग अशा रीतीने तीन वेगळ्या प्रशासकीय परंपरा घेऊन पुढे एकत्र आले.

या नियमांखाली अर्जाचा प्रवास कसा होत असे, हे समजून घेतल्याशिवाय त्यांचे मर्यादित यश उमगत नाही. अर्जदाराने धंद्याचे स्वरूप, हवी असलेली रक्कम, तिचा विनियोग आणि देऊ केलेले तारण यांचा तपशील उद्योग खात्याकडे द्यावयाचा, महसूल खात्याने त्या तारणाची मालकी व किंमत तपासावयाची, आणि त्यानंतर मंजुरी होऊन गहाणखत नोंदवल्यावर रक्कम हाती यावयाची, असा हा क्रम होता. तारण म्हणजे कर्ज बुडाल्यास सावकाराला किंवा सरकारला ताब्यात घेता येईल अशी मालमत्ता, आणि जामीन म्हणजे कर्जदाराच्या वतीने परतफेडीची हमी घेणारी व्यक्ती. या दोन्ही गोष्टी ज्याच्याकडे होत्या त्याला सरकारी कर्जाची निकड तुलनेने कमी होती, आणि ज्याला निकड होती त्याच्याकडे त्या नव्हत्या. स्वातंत्र्यानंतर हे नियम सैल करण्यात आले, लहान रकमांसाठी केवळ वैयक्तिक बंधपत्र पुरेसे मानले जाऊ लागले आणि मध्यम रकमांसाठी जामीन स्वीकारला जाऊ लागला. तरीही मूळ विसंगती पूर्णपणे मिटली नाही.

दरम्यान १९३७ मध्ये अधिकारावर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई प्रांताच्या आर्थिक व औद्योगिक पाहणीसाठी समिती नेमली, आणि तिच्या १९४० च्या अहवालामुळे जिल्ह्याजिल्ह्यांतील लहान धंद्यांची स्थिती प्रथमच एकत्रितपणे नोंदली गेली. स्वातंत्र्यानंतर हाच विचार राष्ट्रीय पातळीवर नेण्याचे काम एका मराठी अर्थतज्ज्ञाकडे आले. प्राध्यापक दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामोद्योग व लघुउद्योग समितीने १९५५ मध्ये असे प्रतिपादन केले की, रोजगार वाढवायचा असेल तर उत्पादन विकेंद्रित असले पाहिजे आणि विकेंद्रित उत्पादन टिकायचे असेल तर कर्ज, कच्चा माल, तंत्रज्ञान व विक्री या चारही अंगांनी त्याला संघटित आधार मिळाला पाहिजे. एका वेळी एकच अडचण दूर केल्याने छोटा उद्योग उभा राहत नाही, ही समितीची दृष्टी पुढील अनेक दशकांच्या धोरणाचा आधार ठरली.

याच काळात लघुउद्योग म्हणजे काय, हे ठरवण्याची गरज निर्माण झाली, कारण सवलत द्यावयाची तर तिचा धनी कोण हे आधी सांगावे लागते. १९५५ च्या व्याख्येनुसार पाच लाख रुपयांपर्यंत भांडवल असलेले आणि वीज वापरत असल्यास पन्नासपेक्षा कमी, न वापरत असल्यास शंभरपेक्षा कमी कामगार असलेले कारखाने लघुउद्योग मानले गेले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय लघुउद्योग निगमाने यंत्रांच्या भाडे-खरेदीची योजना आणली. या पद्धतीत उद्योजक किमतीचा थोडा भाग आधी भरतो, यंत्र त्याच्या कारखान्यात बसते आणि चालू लागते, उरलेली रक्कम तो कमाईतून हप्त्याहप्त्याने फेडतो आणि शेवटचा हप्ता फिटल्यावरच यंत्राची मालकी त्याच्या नावावर होते. येथे यंत्र हेच तारण असल्यामुळे घर किंवा जमीन गहाण ठेवण्याची आवश्यकता उरत नाही. हॉलंड आयोगाने सुचवलेली आणि चार दशके अपुरी राहिलेली कल्पना अशा रीतीने देशभर उपलब्ध झाली, आणि एखादा लेथ किंवा एखादे छपाईयंत्र घेऊन धंदा सुरू करू पाहणाऱ्या कुशल कामगारासाठी मालक होण्याचा मार्ग खुला झाला.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली आणि यशवंतराव चव्हाण यांच्या नेतृत्वाखालील शासनाने दोन-तीन वर्षांत उद्योगसाहाय्याची संस्थात्मक चौकट उभी केली. १९५३ पासून काम करीत असलेल्या मुंबई राज्य वित्तीय महामंडळाचे रूपांतर महाराष्ट्र राज्य वित्तीय महामंडळात झाले, आणि इमारत व यंत्रसामग्रीसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देण्याचे काम त्याच्याकडे राहिले. गोव्याच्या मुक्तीनंतर तेथील उद्योगांनाही याच महामंडळाकडून कर्ज मिळू लागले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या कार्याची पहिली मोठी खूण ठरली. भूसंपादन, बिनशेती परवाना, रस्ता, पाणी व वीज या पाच गोष्टींसाठी पाच कचेऱ्यांत खेटे घालण्याऐवजी उद्योजकाला तयार भूखंड एका करारनाम्याने मिळू लागला. महामंडळाचे हे यश विशेष लक्षणीय आहे, कारण त्यात शासनाने पैसा हातात देण्याऐवजी अडचणींची साखळीच तोडली होती.

त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाची गरज आजच्या वाचकाला चटकन जाणवणार नाही. पोलाद, कच्चे लोखंड, कोळसा यांसारखा माल त्या काळी खुल्या बाजारात हवा तेवढा मिळत नसे. उद्योग खाते प्रत्येक कारखान्याची उत्पादनक्षमता तपासून त्याचा कोटा ठरवी आणि महामंडळाच्या आगारातून नियंत्रित भावाने त्या प्रमाणात माल उचलता येई. कोटा मिळाला नाही तर काळ्या बाजारातून चढ्या भावाने पत्रा घेण्याखेरीज छोट्या कारखानदाराला गत्यंतर नसे, म्हणून त्या काळातील आगाराचे वाटपपत्र हे प्रत्यक्ष कर्जाइतकेच मोलाचे होते. पुढे हेच महामंडळ लघुउद्योगांचा माल शासकीय खात्यांना विकण्यास मदत करू लागले, आणि पैठण येथील पैठणी विणकामासारख्या पारंपरिक कलेच्या जतनाचे कामही त्याने हाती घेतले.

महाराष्ट्राच्या प्रकृतीशी सर्वांत जुळणारा प्रयोग होता तो सहकारी औद्योगिक वसाहतींचा. साखर कारखानदारीत रुजलेले सहकाराचे तत्त्व येथे गाळ्यांच्या उभारणीला लावले गेले. सभासदांनी भागभांडवल गोळा करावे, राज्य शासनाने त्यात आपला वाटा घालावा आणि उरलेली रक्कम शासनाच्या हमीवर कर्जरूपाने उभी राहावी, अशी ती रचना होती. नाशिकची सातपूर येथील औद्योगिक सहकारी वसाहत हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अशा वसाहतीत एकट्या अर्जदाराला न मिळणारी पत सर्वांना मिळून मिळत असे, आणि शेजारचा कारखानदारच नवागताला कोणत्या योजनेसाठी कोठे जावे हे सांगत असल्यामुळे माहितीचा प्रश्नही मोठ्या अंशाने आपोआप सुटत असे.

मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात एकवटलेले उद्योग राज्यभर पसरावेत यासाठी १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली. राज्यातील तालुक्यांचे विकासाच्या पातळीनुसार गट पाडावेत आणि जितका भाग मागासलेला तितकी सवलत अधिक द्यावी, हे तिचे सूत्र होते व वेळोवेळी सुधारलेल्या आवृत्त्यांतून ते आजतागायत टिकून आहे. विक्रीकर काही वर्षांनी भरण्याची मुभा, वीज शुल्क व मुद्रांक शुल्कातून सूट आणि जकातीचा परतावा असे तिचे निरनिराळे प्रकार होत गेले. जकात म्हणजे शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर नगरपालिकेने नाक्यावर वसूल केलेला कर. ती पालिकेच्या उत्पन्नाचा कणा होती आणि छोट्या कारखानदाराच्या खर्चाचा मोठा भागही होती, त्यामुळे भरलेली जकात परत मिळणे ही त्याच्या दृष्टीने महत्त्वाची सवलत होती. १९९९ मध्ये नगरपालिकांची आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर मुंबई महापालिकेचीही जकात संपली, आणि उद्योग व नगरप्रशासन यांच्यातील या जुन्या ताणाचा शेवट झाला.

इतक्या संस्था उभ्या राहिल्यावर त्यांच्या संख्येतूनच नवी अडचण निर्माण झाली. भूखंड एका महामंडळाकडे, कर्ज दुसऱ्याकडे, कच्चा माल तिसऱ्याकडे आणि नोंदणी उद्योग संचालनालयाकडे अशी विभागणी असल्याने तालुक्याच्या गावातील होतकरू माणसाला मुंबई-पुण्याचे हेलपाटे चुकत नव्हते. तात्पुरती नोंदणी झाल्याशिवाय भूखंड, वीजजोडणी व कर्ज यांचे अर्ज पुढे सरकत नसत, आणि उत्पादन सुरू झाल्यानंतर पुन्हा कायम नोंदणी करून घ्यावी लागे. डिसेंबर १९७७ च्या केंद्रीय औद्योगिक धोरणाने या अवस्थेची दखल घेतली आणि लघुउद्योगासाठी लागणारी सर्व मदत जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच छपराखाली मिळावी, या हेतूने मे १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रांची योजना अमलात आली. केंद्राचा महाव्यवस्थापक हा जिल्ह्यातील उद्योजकाचा मार्गदर्शक असावा, अशी अपेक्षा होती. कचेरी जिल्ह्यात आली हे या सुधारणेचे निःसंशय यश होते. परंतु केंद्राला शिफारशीचा अधिकार होता आणि कर्जाचा अंतिम निर्णय बँकेकडे होता, त्यामुळे केंद्राने निवडलेला अर्ज बँकेच्या शाखेत अडून राहण्याचा अनुभव अनेकांच्या वाट्याला आला.

या अडथळ्यावर तोडगा म्हणून बीज भांडवलाची कल्पना महत्त्वाची ठरली. बँक प्रकल्पाची संपूर्ण रक्कम देत नाही. काही हिस्सा उद्योजकाने स्वतः घालावा लागतो, आणि सुशिक्षित बेरोजगाराकडे नेमका तोच हिस्सा नसतो. राज्याच्या बीज भांडवल योजनेत या हिश्शाचा मोठा भाग शासनाने सवलतीच्या व्याजाने द्यावा व उरलेले कर्ज बँकेने द्यावे, अशी व्यवस्था होती. ज्या समाजघटकांना परंपरेने भांडवल व पत दोन्ही नाकारली गेली होती त्यांच्यासाठी स्वतंत्र संस्था निघाल्या: चर्मोद्योगासाठी १९७४ मध्ये, महिलांसाठी १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ आणि १९७८ मध्ये महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ. १९८८ मध्ये औरंगाबाद येथे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र सुरू झाले, तेव्हा प्रकल्प अहवाल कसा लिहावा आणि बँकेशी कसे बोलावे याचे शिक्षण हीही मदतच आहे, ही गोष्ट शासनाने मान्य केली.

स्थानिक स्वराज्य संस्थांचा वाटा रकमेने लहान असला तरी अर्जदाराच्या घराच्या सर्वांत जवळ होता. १ मे १९६२ पासून कार्यरत झालेल्या जिल्हा परिषदांनी आपल्या सेस फंडातून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून, महिलांना व मागासवर्गीयांना शिलाई यंत्रे आणि पिठाच्या गिरण्या अनुदानावर दिल्या. नगरपालिकांनी व ग्रामपंचायतींनी बाजारात गाळे बांधून भाड्याने दिले. एखाद्या वाडीत बसलेली पिठाची गिरणी ही उद्योगधोरणाच्या अहवालात क्वचितच मोजली जाते, पण तिच्यामुळे एका घराला रोजचे उत्पन्न आणि साऱ्या वाडीला जवळची सोय मिळते. पथविक्रेत्यांच्या बाबतीत नगरपालिकेची भूमिका दीर्घकाळ केवळ अतिक्रमण हटवणाऱ्या यंत्रणेची होती. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती यांची तरतूद केली, आणि २०२० मध्ये महासाथीच्या काळात आलेल्या स्वनिधी योजनेने हातगाडीवाल्याला दहा हजार रुपयांचे विनातारण कर्ज मिळण्याची वाट नगरपालिकेच्या शिफारशीतून घालून दिली. १८८४ मध्ये ज्याला सरकारी कर्जाच्या कक्षेबाहेर ठेवले गेले होते, त्या तारणहीन माणसाची पत मान्य होण्यास सुमारे एक शतक आणि साडेतीन दशके लागली.

अलीकडच्या काळात सुधारणेचे साधन बदलले आहे. २०१९ मध्ये सुरू झालेला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम ऑनलाइन अर्ज स्वीकारतो, आणि २०२० पासूनची उद्यम नोंदणी स्वयंघोषणेवर व विनाशुल्क होते. पूर्वी ज्या दाखल्यासाठी महिनोनमहिने जात तो आता घरबसल्या मिळतो. तरीही जुना प्रश्न नव्या रूपात उरला आहे. फुकट नोंदणीसाठी पैसे घेणारे मध्यस्थ, अनुदानाच्या रकमेवर टक्का मागणारे एजंट आणि प्रकल्प अहवालाच्या छापील नमुन्यांचा धंदा हे सर्व याच गोष्टीची साक्ष देतात की, योजना उघड असली तरी ती समजून घेण्याची साधने सर्वांकडे सारखी नाहीत.

या दीर्घ वाटचालीतून निघणारा निष्कर्ष धोरणकर्त्यांनी गांभीर्याने घेण्याजोगा आहे. यंत्राच्या, गाळ्याच्या किंवा कच्च्या मालाच्या रूपाने आलेली मदत, आणि सहकारी वसाहतीसारख्या समूहातून आलेली मदत, छोट्या माणसापर्यंत अधिक खात्रीने पोहोचली; तारण व कागदपत्रे यांवर बेतलेली मदत बहुधा आधीच सुस्थित असलेल्यांकडे वळली. नवी योजना जाहीर करण्यापूर्वी ती मागणाऱ्या माणसाला किती दारे ओलांडावी लागतील, त्याला वाट दाखवणारा जाणता माणूस जिल्ह्यात व तालुक्यात कोण असेल आणि नकार मिळाल्यास त्याचे कारण त्याला लेखी मिळेल की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे शासनाने दिली पाहिजेत. रानड्यांनी शासनाच्या कर्तव्याची मांडणी केली आणि कर्व्यांनी त्या कर्तव्याची अंगे सांगितली. ते कर्तव्य शेवटच्या अर्जदारापर्यंत नेणारी कार्यक्षम व सहृदय कचेरी तालुक्यातालुक्यांत घडवणे हे काम मात्र अजून पुरे व्हावयाचे आहे.